‘विनंती नोंदवली आहे’: नागपुरातील एका लेट चेकआउटचे प्रकरण

हे प्रकरण नागपूरच्या वर्धा मार्गावरील एका साखळी हॉटेलातील आहे. हॉटेलचे आणि साखळीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. पाहुण्याच्या नोकरीचे तपशीलही ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. लेट चेकआउटवरून, म्हणजे ठरलेल्या वेळेनंतरही खोली ठेवण्यावरून, त्या पाहुण्याची तक्रार आल्यानंतर सुमारे दीड महिन्याने महाव्यवस्थापकांनी मला बोलावले, तेव्हा फ्रंट ऑफिसमधल्या मुलामुलींना ‘पाहुण्यांशी कसे बोलावे’ याचे प्रशिक्षण द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. दोन दिवस चॅटच्या नोंदी, खोल्यांच्या वाटपाची यादी आणि हाऊसकीपिंगचे रोजचे तक्ते चाळल्यावर माझे मत असे झाले की त्या दुपारी काउंटरवर बोलण्यात फारसे चुकलेच नव्हते. चूक झाली होती ती आदल्या रात्री, आणि त्याच्याही आधी रविवारी, खोलीची किल्ली हातात देताना.

बुधवारची दुपार

पाहुणे ठाण्याचे. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना यंत्रे पुरवणाऱ्या एका कंपनीच्या सेवा विभागात ते काम करतात आणि दर महिन्याला तीन-चार रात्री नागपुरात काढतात. साखळीच्या सदस्यत्वात ते वरून दुसऱ्या पायरीवर होते. त्या पायरीला मिळणाऱ्या सवलतींच्या यादीत ‘उपलब्धतेनुसार दुपारी चार वाजेपर्यंत चेकआउट’ असे एक कलम आहे. हॉटेलची नेहमीची चेकआउटची वेळ दुपारी 12 आणि चेक-इनची 2.

डिसेंबरातला तो बुधवार होता आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. त्यांचे परतीचे तिकीट मुंबईच्या दुरांतोचे होते, जी नागपूरहून रात्री 8:40 ला सुटते. सकाळी बुटीबोरीतले उरलेले काम उरकायचे, दुपारी अडीच वाजता मुख्य कार्यालयाशी व्हिडिओ बैठक करायची, मग अंघोळ करून स्टेशन गाठायचे, असा त्यांचा बेत होता. मंगळवारी रात्री 9:10 वाजता त्यांनी हॉटेलच्या ॲपमधून निरोप पाठवला: उद्या चार वाजेपर्यंत खोली ठेवता येईल का, रात्रीची गाडी आहे. सहाच मिनिटांत उत्तर आले: ‘आपली विनंती नोंदवली आहे, सर.’ पाहुणे निर्धास्त झोपले.

सकाळी आठला ते बुटीबोरीला निघाले, तेव्हा काउंटरवर गर्दी होती म्हणून त्यांनी काही विचारले नाही. विचारायचे कारणही त्यांना वाटले नाही. परतले तेव्हा दुपारचे 12:50 झाले होते. चौथ्या मजल्यावर खोलीपाशी येऊन त्यांनी कार्ड लावले, तर कुलपावरचा दिवा लाल. कार्ड उलटे धरून, पँटला पुसून पुन्हा लावले, तरी लालच. आत त्यांची अर्धवट भरलेली बॅग, दाराशी बुटीबोरीच्या मातीने माखलेले सेफ्टी शूज, भिंतीला लावलेला लॅपटॉपचा चार्जर आणि फ्रिजमध्ये घरी न्यायचा संत्रा बर्फीचा डबा होता. बाहेर, दोन दारे पलीकडे, ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या रूम अटेंडंट ताईंनी सांगितले, “सर, ही खोली चेकआउटमध्ये दाखवतेय. सामान आहे म्हणून मी हात लावला नाही. सुपरवायझरला कळवलंय.” या संपूर्ण प्रकरणात नियमाला धरून आणि वेळेवर वागलेली व्यक्ती त्या ताईच होत्या, हे माझ्या अहवालात मी वेगळे लिहिले आहे.

किल्लीच्या कार्डाविषयी थोडे सांगायला हवे, कारण अनेक पाहुण्यांना कार्ड बंद पडणे हा मुद्दाम केलेला अपमान वाटतो. चेक-इनच्या वेळी कार्डावर निघण्याची तारीख आणि वेळ भरली जाते, आणि दारावरचे कुलूप त्या वेळेची पडताळणी स्वतःच करते. बऱ्याच हॉटेलांत दारांची कुलपे काउंटरवरच्या संगणकाशी जोडलेली नसतात. त्यामुळे संगणकात मुदत वाढवली तरी कार्ड काउंटरवर आणून नव्याने भरल्याशिवाय दार उघडत नाही. म्हणजे मंगळवारी रात्री कुणी खरोखरच चारची मंजुरी दिली असती, तरी बुधवारी सकाळी कार्ड बदलून घ्या असे सांगायला कुणी नसते, तर दिवा लालच झाला असता.

काउंटरवर जे झाले ते तीन भागांत झाले. आधी त्यांना सांगण्यात आले की आज हॉटेल पूर्ण भरले आहे, त्यामुळे कुणालाच मुदत देता येत नाही. त्यांनी ॲपमधला निरोप दाखवल्यावर रिसेप्शनवरील मुलीने जुन्या कार्यपद्धतीप्रमाणे सुचवले की अर्ध्या दिवसाचे भाडे आणि त्यावरचा जीएसटी भरल्यास संध्याकाळी सहापर्यंत खोली ठेवता येते. पाहुण्यांनी शांतपणे विचारले, “म्हणजे पैसे दिले तर खोली आहे आणि सदस्यत्वाच्या कार्डावर नाही, असं का?” या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण ती खोली पैसे देऊनही मिळणार नव्हती. तिसऱ्या भागात ड्युटी मॅनेजर आले, दिलगिरी व्यक्त केली, पंधरा मिनिटांत सामान काढावे अशी विनंती केली आणि बेल डेस्कवर सामान ठेवण्याची, तसेच लॉबीत कॉफीची सोय केली.

1:25 वाजता खोली रिकामी झाली. अडीचची बैठक पाहुण्यांनी लॉबीतल्या सोफ्यावर बसून केली. 2:20 वाजता अमरावतीहून वऱ्हाडाची पहिली बस दारात लागली होती, आणि नागपुरात लग्नाचे वऱ्हाड उतरते तेव्हा ढोल उतरल्यावाचून राहत नाही. बैठकीत ठाण्याच्या बाजूने दोनदा ‘तुम्ही कुठे आहात?’ असे विचारले गेले. तिसऱ्यांदा त्यांनी माइक बंद करून उरलेले मुद्दे टाइप करून पाठवले. चारच्या सुमारास त्याच अटेंडंट ताई बर्फीचा डबा घेऊन लॉबीत आल्या. घाईत तो फ्रिजमध्ये राहिला होता. अंघोळ न करताच पाहुणे स्टेशनला गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी साखळीकडे तक्रार केली. साखळीने पाच हजार गुण त्यांच्या खात्यात जमा करून प्रकरण मिटवल्याचे कळवले. पाहुण्यांनी गुण स्वीकारले आणि जानेवारीची खोली दुसरीकडे घेतली. हॉटेलला या गोष्टीचा पत्ता महिनाअखेरीस त्यांच्या कंपनीच्या खात्यातील रात्री मोजताना लागला.

सवलतीचे स्वरूप

अशा वेळी पाहुणे आणि कर्मचारी दोघेही ‘नियमात काय आहे’ यावर भांडतात, म्हणून नियमांचे चित्र थोडक्यात पाहिले पाहिजे. उशिरा चेकआउटची सवलत सगळीकडे सारखी नाही. मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय या सदस्य योजनेत वर्षाला 25 रात्रींच्या गोल्ड पायरीला दुपारी दोनपर्यंतची मुदत मिळते, पण ती उपलब्धतेनुसार; 50 रात्रींच्या प्लॅटिनम पायरीपासून चार वाजेपर्यंतची मुदत हमीची आहे, मात्र रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलांत तीही उपलब्धतेवर जाते. वर्ल्ड ऑफ हयातमध्ये चार वाजेपर्यंतचा लाभ 60 रात्रींच्या ग्लोबलिस्ट पायरीला आहे. हिल्टन ऑनर्सच्या सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड पायऱ्यांना ही मुदत उपलब्धतेनुसारच दिली जाते. चार वाजताच्या हमीला प्रतिष्ठा मिळाली ती बरीचशी स्टारवुड या हॉटेल साखळीच्या सदस्य योजनेमुळे. 2016 मध्ये मॅरियटने स्टारवुड विकत घेतल्यावर जुन्या सदस्यांना सर्वांत मोठी धास्ती कोणत्या गोष्टीची असेल, तर याच सवलतीची होती; 2018 मध्ये दोन्ही योजना एक झाल्या तेव्हा ती टिकली.

आपल्या हॉटेलचे कलम ‘उपलब्धतेनुसार’ या जातीचे होते. कायद्याच्या अंगाने हॉटेलने काहीही मोडले नाही, आणि महाव्यवस्थापकांचा पहिला युक्तिवाद हाच होता. तो बरोबर आहे, पण त्याने गिऱ्हाईक परत येत नाही.

‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द दोघांच्या कानांवर वेगवेगळा पडतो. पाहुणा समजतो की हॉटेलात खोल्या रिकाम्या असतील तर मिळेल. हॉटेलवाल्याला मात्र ठाऊक असते की खोली रिकामी असणे आणि ती दुपारी पाचपर्यंत धुऊन-पुसून तयार होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उशिरा चेकआउटमध्ये पाहुण्याला जे चार तास मिळतात, ते हॉटेलच्या गल्ल्यातून जात नाहीत. ते हाऊसकीपिंगच्या दुपारमधून कापले जातात. म्हणून या प्रकरणाचा निकाल नियमपुस्तकात शोधून उपयोग नव्हता. त्या दिवशीचा हाऊसकीपिंगचा तक्ता काढावा लागला.

त्या दिवसाचे गणित

हॉटेलच्या 120 खोल्यांपैकी मंगळवारच्या रात्री 118 भरलेल्या होत्या. बुधवारी 64 खोल्या सुटणार होत्या, 54 पाहुणे राहणारे होते आणि 66 नवे येणार होते. म्हणजे सुटणाऱ्या 64 आणि आधीच रिकाम्या असलेल्या 2 अशा सगळ्या खोल्या नव्या पाहुण्यांना लागणार होत्या. ‘आज हॉटेल पूर्ण भरले आहे’ हे वाक्य खरे होते.

सकाळी 7 ते दुपारी 4 च्या पाळीत नऊ रूम अटेंडंट होते. सुटलेली खोली तयार करायला, म्हणजे चादरी-अभ्रे बदलणे, बाथरूम घासणे, फ्रिज आणि कपाटे तपासणे, सामान पुन्हा मांडणे यांसाठी या हॉटेलात सरासरी 40 मिनिटे धरतात, आणि राहणाऱ्या पाहुण्याच्या खोलीला 20. सुटणाऱ्या 64 खोल्यांचे 2,560 आणि राहणाऱ्या 54 खोल्यांचे 1,080 मिळून 3,640 मिनिटांचे काम. नऊ जणांत वाटले तर माणशी पावणेसात तासांहून किंचित कमी. जेवणाची सुट्टी आणि पॅन्ट्रीत लिनन भरण्याचा वेळ वजा केला तर नऊ तासांच्या पाळीत हे जेमतेम बसते. एखादी अटेंडंट गैरहजर असली की गणित कोलमडते. सकाळी साडेआठच्या ब्रीफिंगमध्ये ड्युटी मॅनेजरांनी हेच आकडे पाहिले आणि लेट चेकआउट मागणाऱ्या अकराही सदस्यांसाठी एकच निर्णय दिला: आज कुणालाच नाही.

इथपर्यंत त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. चुकले ते पुढे, कारण त्यांनी येणाऱ्यांची संख्या पाहिली, येण्याची वेळ पाहिली नाही.

येणाऱ्या 66 पैकी 32 खोल्या लग्नाच्या, दुपारच्या. आणखी 15 जण दुपारीच अपेक्षित होते. उरलेल्या 19 जणांची विमाने आणि गाड्या संध्याकाळच्या होत्या, त्यातले कुणीही सातच्या आत हॉटेलात पोहोचणार नव्हते. त्यांच्या आरक्षणात तशी नोंद होती. म्हणजे दुपारी खरी गरज 47 खोल्यांची होती. अकरा सदस्यांना चारपर्यंत थांबू दिले असते तर दुपारसाठी 53 सुटलेल्या आणि 2 रिकाम्या मिळून 55 खोल्या हाताशी राहिल्या असत्या. आठ खोल्यांची सवड! सकाळच्या पाळीवरचा भारही अकरा खोल्यांनी हलका झाला असता. चारनंतर सुटलेल्या अकरा खोल्यांचे 440 मिनिटांचे काम संध्याकाळच्या पाळीतील तिघांनी साडेसहापर्यंत संपवले असते आणि सातनंतरच्या पाहुण्यांना खोल्या तयार मिळाल्या असत्या. संध्याकाळच्या तिघांकडे रात्रीची बिछाने लावण्याचीही कामे असतात, त्यामुळे हे सोपे झाले असते असे मी म्हणत नाही. अशक्य मात्र नव्हते.

हे गणित एक्झिक्युटिव्ह हाऊसकीपर बाईंसमोर मांडले तेव्हा त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मला कोण कधी येणार ते कुणी सांगतच नाही. मला फक्त किती ते सांगतात.” अहवालातल्या बाकी सगळ्या पानांपेक्षा हे एक वाक्य मला मोलाचे वाटते.

चौथा मजला

तरीही आपल्या पाहुण्यांचा प्रश्न या गणिताने पूर्ण सुटत नाही, कारण त्यांची खोली लग्नाच्या ब्लॉकमध्ये होती. वधूपक्षाने महिनाभर आधी सलग खोल्या मागितल्या होत्या: चौथ्या मजल्यावरच्या सगळ्या 24 आणि तिसऱ्यावरच्या आठ. लेट चेकआउट मागणाऱ्या अकरांपैकी चौघे या ब्लॉकमध्ये राहत होते. उरलेल्या सात जणांना हॉटेलने विनासायास हो म्हणता आले असते. या चौघांचे काय, हा खरा पेच होता.

हे चौघे त्या मजल्यावर गेले कसे? रविवारी संध्याकाळी चेक-इन करताना रिसेप्शनिस्टने त्यांना सदस्य म्हणून चांगल्या खोल्या दिल्या. वरचा मजला, रस्त्यापासून दूरची बाजू, शांतता. खोलीची बढती हीदेखील सदस्यत्वाची सवलत आहे आणि ती देताना मुलाने आपले काम चोखच केले. पण पाहुणे बुधवारी निघणार आणि वऱ्हाड बुधवारीच येणार, ही गोष्ट संगणकाच्या दृष्टीने अडचणीची नसते. तारखा एकमेकींवर चढत नाहीत. तास चढतात, आणि तास संगणक विचारात घेत नाही. एका सवलतीने दुसरीचा गळा घोटला तो असा, आणि त्याची कुणाला कल्पनाही नव्हती.

शिवाय एक गोष्ट मला जानेवारीत सापडली, जी पाहुण्यांना अजूनही ठाऊक नाही. त्यांनी 1:25 ला सोडलेली खोली 2:05 ला तयार झाली आणि 4:40 पर्यंत रिकामी राहिली. ती ज्या कुटुंबाला द्यायची होती, ते दुसऱ्या बसमध्ये होते. दोन बसगाड्या, त्यांच्या निघण्याच्या वेळा आणि कोण कोणत्या बसमध्ये, ही यादी लग्नाची व्यवस्था पाहणाऱ्या नातेवाइकाने मंगळवारी संध्याकाळीच विक्री विभागातल्या एका कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली होती. ती तिथेच राहिली.

आणि मंगळवारी रात्री रिकाम्या असलेल्या त्या दोन खोल्या? सकाळी तयार असलेल्या त्या खोल्यांपैकी एकीत पाहुण्यांना बाराला हलवता आले असते, चारला तिथून निरोप देता आला असता. पण त्यासाठी मंगळवारी रात्री कुणीतरी विचार करायला हवा होता, आणि मंगळवारी रात्री त्यांची विनंती कुठे होती? चॅटवरच्या मुलाने ती आरक्षणाच्या शेरा रकान्यात लिहिली होती. निघण्याच्या वेळेचा रकाना वेगळा असतो. हाऊसकीपिंगचा सकाळचा तक्ता त्या रकान्यावरून छापला जातो, शेऱ्यावरून नाही. त्यामुळे त्यांच्या खोलीपुढे तक्त्यात 12:00 छापले गेले, कार्डात 12:00 राहिले, आणि ‘नोंदवली आहे’ हे अक्षरशः खरे ठरले: नोंद होती, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी.

नागपुरातले दोन हिशेब

या शहरात उशिरा निघण्याची गरज काही साखळी हॉटेलांनी निर्माण केलेली नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, आणि इथून लांब जाणाऱ्या माणसाचा दिवस बहुधा रात्रीच्या गाडीने संपतो. म्हणूनच स्टेशनच्या आसपास, सीताबर्डीत आणि सेंट्रल अव्हेन्यूवर जुन्या लॉजमध्ये ‘24 तास चेकआउट’ची पाटी असते: रात्री नऊला आलात तर दुसऱ्या रात्री नऊपर्यंत खोली तुमची. आपल्या पाहुण्यांचे एक सहकारी अशाच लॉजमध्ये उतरतात आणि कार्डधारकाची थट्टा करतात की माझी प्लॅटिनम पायरी दाराच्या पाटीवरच लिहिली आहे.

थट्टा ठीक आहे, पण मोठ्या हॉटेलला तो हिशेब झेपत नाही. 30 खोल्यांच्या लॉजमध्ये खोली केव्हाही सुटली तरी मालकाचा माणूस ती आवरून देतो. 120 खोल्यांत चोवीस तास विखुरलेले चेकआउट सांभाळायचे तर रात्रीही पुरेसे अटेंडंट, सुपरवायझर आणि लिननचा पुरवठा ठेवावा लागेल, आणि तो खर्च शेवटी भाड्यातच चढेल. दुपारी बाराची वेळ ही सगळ्यांच्या सोयीसाठी एका ठिकाणी बांधलेली गाठ आहे. सदस्याची सवलत म्हणजे ती गाठ काही जणांसाठी सैल करणे.

हिवाळी अधिवेशनाने गाठ आणखी आवळली जाते. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे होते; आमदार निवास आणि रवी भवन भरल्यावर अधिकारी, पत्रकार, शिष्टमंडळे आणि निवेदने घेऊन आलेली माणसे शहरभर हॉटेलांत उतरतात. मोर्चांमुळे रस्ते वळवले जातात आणि कोण केव्हा पोहोचेल याचा भरवसा राहत नाही. डिसेंबर लग्नांचाही महिना. ड्युटी मॅनेजरांना ‘कुणालाच नाही’ म्हणावेसे वाटले ते या दबावामुळे, हे मान्य करायला हवे. मे महिन्यात हेच प्रकरण घडले असते तर पाहुण्यांचे हाल अधिक झाले असते, कारण पारा 45 च्या पुढे असताना दुपारी बारा ते रात्री आठ हा काळ माणसाने कुठे काढायचा? पण मे महिन्यात हॉटेल इतके भरलेले नसते, आणि खोली बहुधा मिळाली असती.

मी काय सुचवले

हॉटेलने चारची हमी द्यावी असे मी सुचवले नाही. या आकाराच्या, लग्नांवर बऱ्याच अंशी चालणाऱ्या हॉटेलला ती पेलणार नाही. मी एवढेच सुचवले की रात्री आठपर्यंत आलेल्या प्रत्येक विनंतीला त्याच रात्री दहापर्यंत, आणि आठनंतरच्या विनंतीला सकाळी सातपर्यंत, ठरावीक वेळेचे उत्तर जावे. चार, अडीच, एक, किंवा बारा. ‘नोंदवली आहे’ हे शब्द चॅटच्या तयार उत्तरांतून काढून टाकावेत. आपल्या पाहुण्यांना सकाळी सातला कळले असते की बारालाच निघायचे आहे, तर आठला निघण्यापूर्वी त्यांनी बॅग भरून खाली ठेवली असती, अंघोळ उरकली असती आणि बैठकीसाठी बुटीबोरीतल्या कारखान्यातच एखादी खोली मागून घेतली असती. त्यांना खटकला तो नकार दुपारी एक वाजता मिळाला म्हणून.

दुसरी सूचना वेळेच्या रकान्याविषयी: मंजुरी निघण्याच्या वेळेच्या रकान्यात भरावी आणि त्याच वेळी नवे कार्ड पाकिटात घालून दाराखाली सरकवावे. तिसरी, रात्रीच्या ड्युटी मॅनेजरने येणाऱ्यांची यादी संख्येने न पाहता तासांनी पाहावी, आणि ती तशीच हाऊसकीपिंगला द्यावी. लग्नाच्या ब्लॉकच्या पहिल्या दिवशी निघणाऱ्या सदस्याला त्या मजल्यावर खोली देऊ नये. द्यायचीच असेल तर किल्ली देतानाच सांगावे की खोली चांगली आहे पण बुधवारी बाराला सोडावी लागेल, चालेल का. अर्ध्या दिवसाच्या भाड्याचा पर्याय सदस्याला नकार देताना मुळीच उच्चारू नये, खोली शिल्लक असो वा नसो. नकार द्यावाच लागला तर त्याच वाक्यात जिमच्या शॉवरची किल्ली आणि छोट्या मीटिंग रूमचा एक तास द्यावा. दोन्ही त्या बुधवारी रिकामे होते.

सर्वांत जास्त वाद झाला तो मधल्या पाळीवरून. 7 ते 4 आणि 3 ते 12 या दोन पाळ्यांमध्ये सकाळी 11 ते रात्री 8 अशी एक पाळी दोन अटेंडंटांची ठेवली, तर दुपारी उशिरा सुटणाऱ्या खोल्यांचा भार पेलता येतो. माणसे वाढवायची नव्हती, सकाळच्या नवांपैकी दोघे पुढे सरकवायचे होते. हाऊसकीपर बाईंचा याला विरोध होता आणि त्याचे कारण मला बैठकीत कळले नाही, पॅन्ट्रीत चहा घेताना कळले.

मार्चअखेरीस

मार्चच्या शेवटी मी पुन्हा गेलो. फ्रंट ऑफिसच्या मागच्या खोलीत भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता: खोली क्रमांक, मागितलेली वेळ, दिलेली वेळ, उत्तर कधी दिले. काही ठिकाणी शेवटचा रकाना कोरा होता. ड्युटी मॅनेजर म्हणाले की चार क्वचितच देता येते, दोन-अडीच पुष्कळदा. आणि नाही म्हटले तरी आता काउंटरवर आवाज चढत नाहीत.

ते पाहुणे त्या महिन्यात परत आले होते. कंपनीच्या दरकराराचा त्यात वाटा होता, हॉटेलने सगळे श्रेय घेण्याचे कारण नाही. चेक-इन करताना त्यांनी नमस्कारानंतर पहिला प्रश्न विचारला: “गुरुवारी किती वाजता निघायचं?” रिसेप्शनिस्टने यादी पाहून अडीच सांगितले. ते म्हणाले, अडीच पुष्कळ झाले.

मधली पाळी फेब्रुवारीत सुरू झाली आणि मार्चमध्ये बंद पडली होती. त्या पाळीवर घातलेल्या दोघी डोंगरगावकडून येतात. चारला सुटल्यावर त्यांना वर्धा मार्गावरून शेअर ऑटो मिळतो. आठनंतर मिळत नाही, आणि मेट्रो खापरीलाच संपते. रात्री बाराला सुटणाऱ्यांसाठी हॉटेलची गाडी आहे, आठला सुटणाऱ्यांसाठी नाही. हाऊसकीपर बाईंनी पॅन्ट्रीत सांगितले होते ते हेच. महाव्यवस्थापकांनी गाडीचा प्रस्ताव लेखा विभागाकडे पाठवला आहे. तो कोणत्या खर्चाखाली दाखवायचा, हाऊसकीपिंगच्या की सदस्य सवलतींच्या, यावर तो अडला आहे.